जड धातूंचं पाणी आणि सुधारित माती: बीकरपासून भोसरीच्या शेडपर्यंत

दर वर्षी एमएस्सीचे प्रोजेक्ट सुरू झाले की कुणीतरी बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीची पिशवी घेऊन माझ्याकडे येतं. ‘मॅडम, यानं पाण्यातलं क्रोमियम काढायचंय.’ मी समजावत बसत नाही. पोटॅशियम डायक्रोमेटचं पातळ, पिवळसर पाणी देते आणि सांगते, चमचाभर माती घाल, तासभर हलव, गाळून आण. संध्याकाळी पोरगं परत येतं तेव्हा गाळलेलं पाणी सकाळइतकंच पिवळं असतं. मग बोलायला सुरुवात होते.

मी बरीच वर्षं भोसरीतल्या एका प्लेटिंग शॉपचं सांडपाणी सांभाळलं, आता मुलांना प्रयोगात मदत करते. मातीनं धातू निघतो, यात शंका नाही. पण पाण्यातला धातू कमी झाला म्हणजे तो मातीनंच धरला, असं होत नाही. तो तळाशी गाळ होऊन बसलेला असू शकतो, फिल्टर पेपरला चिकटलेला असू शकतो, बाटलीच्या काचेला लागलेला असू शकतो. खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं माती तयार करण्याबद्दल आहे आणि निम्मं स्वतःला फसवून न घेण्याबद्दल.

एक गोष्ट आधीच सांगते. हे पिण्याच्या पाण्यासाठी नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५०० (२०१२), शिशाला लिटरमागे ०.०१ मि.ग्रॅ. आणि कॅडमियमला ०.००३ मि.ग्रॅ. एवढीच मुभा देतं. घरी बादलीत माती ढवळून तिथपर्यंत पोचलो की नाही, हे कळायला घरात काही साधन नसतं. इथं विषय सांडपाण्याचा आणि प्रयोगशाळेचा आहे.

आधी धातूचं रूप ओळखा

बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याची पानं जेमतेम एक नॅनोमीटर जाडीची, वहीच्या पानांसारखी एकावर एक. पानाच्या आत काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, त्यामुळे पानावर कायमचा ऋण भार राहतो. तो भागवायला पानांमध्ये सोडियम, कॅल्शियम येऊन बसतात. हे भाडेकरू आहेत, मालक नाहीत. शिसं, तांबं, निकल, जस्त, कॅडमियम धन भाराचे, ते आले की यांना उठवून त्यांच्या जागी बसतात.

सहा-संयुजी क्रोमियम मात्र पाण्यात क्रोमेट म्हणून फिरतं आणि त्याचा भार ऋण. आर्सेनिकचंही, आर्सेनेटच्या रूपात, तसंच. ऋण पान ऋण आयनाला जवळ येऊ देत नाही, म्हणून ते बीकर पिवळंच राहिलं. सगळी निवड इथं ठरते: धन धातूला सोडियम रूपातली माती, क्रोमेट-आर्सेनेटला पृष्ठभागाचा भार उलटवलेली किंवा लोह चढवलेली माती.

कच्ची माती कुठून

पुण्यात बेंटोनाइट मिळायला अडचण नाही. फाउंड्रीला लागते, पायलिंगला लागते, अर्थिंगच्या खड्ड्यातही हीच घालतात. माल बहुतेक कच्छचा नाहीतर राजस्थानचा. फाउंड्रीच्या पोत्यात अनेकदा आधीच सोडा मिसळलेला असतो, म्हणून घेताना विचारा आणि घरी आल्यावर मोजा.

आपली काळी माती? दौंड-इंदापूरकडच्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच फुगणाऱ्या खनिजांमुळे. ती वापरता येते, पण तिच्यात चुनखडी असते. चिमूटभर मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, फसफसली तर चुना आहे. तो तसाच ठेवला तर पाण्याचा पीएच वर नेतो, धातूचा गाळ पाडतो, आणि तुम्ही टाळ्या वाजवता की माती काय छान काम करतेय. पातळ ॲसेटिक आम्लानं फसफस थांबेपर्यंत धुऊन घ्या. मग बारीक भाग वेगळा करा: पाण्यात ढवळून ठेवल्यावर साधारण आठ तासांनी वरच्या १० सें.मी. पाण्यात फक्त २ मायक्रॉनपेक्षा बारीक कण उरतात. तेवढंच पाणी नळीनं ओढून घ्यायचं.

गणपतीच्या आधी एक प्रश्न हमखास येतो: शाडू चालेल का? मुलतानी चालेल का? माझं उत्तर एकच, खाली दिलेली मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाची चाचणी करून बघा.

मातीची ऐपत मोजा

प्रत्येक मातीची भाडेकरू ठेवायची ठरावीक क्षमता असते. तिला धन-आयन विनिमय क्षमता म्हणतात, रोजच्या बोलण्यात सीईसी. चांगल्या मॉन्टमोरिलोनाइटची १०० ग्रॅमला ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट (आयन भाराच्या हिशोबानं मोजायचं एकक), केओलिनची, म्हणजे चिनी मातीची, ३ ते १५. हा आकडा हातात नसताना पुढचे प्रयोग करणं म्हणजे भांड्याचं माप न घेता दूध ओतणं.

भोसरीतल्या कुठल्याही फाउंड्रीच्या सॅंड लॅबमध्ये ‘एमबी टेस्ट’, म्हणजे मिथिलिन ब्लूची चाचणी, होते, तीच करायची. अर्धा ग्रॅम सुकवलेली माती ५० मिली डिस्टिल्ड पाण्यात छान फेटून घ्या, पातळ सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब घाला. ०.०१ नॉर्मल मिथिलिन ब्लू ब्युरेटमधून दोन-दोन मिली सोडा, प्रत्येक वेळी दोन मिनिटं ढवळा आणि काचेच्या काडीनं एक थेंब फिल्टर पेपरवर टेकवा. सुरुवातीला मध्ये गडद निळा ठिपका आणि भोवती स्वच्छ, रंगहीन ओल दिसते. रंग सगळा मातीनं गिळलेला असतो. एका क्षणी त्या ओलीच्या कडेला अगदी फिकट आकाशी कडं उमटतं. घाई करू नका, दोन मिनिटं ढवळून पुन्हा थेंब टेकवा. कडं विरलं तर मातीला अजून भूक आहे. टिकलं तर थांबा आणि ब्युरेट वाचा. ४० मिली लागले असतील तर सीईसी ८०: लागलेले मिली गुणिले नॉर्मॅलिटी, गुणिले १००, भागिले मातीचे ग्रॅम.

या एका आकड्यातून छत कळतं. ८० म्हणजे ग्रॅममागे ०.८ मिलिइक्विव्हॅलंट. तांब्याला धरलं तर जास्तीत जास्त २५ मि.ग्रॅ., निकलला २३, शिशाला ८३. विनिमयानं यापुढे धातू बसायला जागाच नाही. पुढे तुमच्या वहीत तांब्याचे ग्रॅमला ६० मि.ग्रॅ. आले, तर आनंदाच्या आधी संशय आला पाहिजे.

सोडियम चढवणं

सगळ्या सुधारणांची ही पहिली पायरी, आणि शिसं, तांबं, निकल, जस्तासाठी बहुतेक वेळा हीच शेवटचीही.

लिटरमागे ५८.५ ग्रॅम मीठ घातलेलं पाणी ५०० मिली घ्या. मीठ शुद्ध, आयोडीनवालं नको. ढवळणी चालू करा आणि मग ५० ग्रॅम माती वरून भुरभुरवा. मातीवर पाणी ओतू नका. पिठलं करताना पिठावर पाणी ओतलं की काय होतं ते प्रत्येक घरात ठाऊक आहे. बेंटोनाइटची गुठळी त्याहून वाईट: बाहेरून जेली, आत कोरडी पावडर, दोन दिवस ढवळली तरी फुटत नाही. रात्रभर ढवळा, बसू द्या, वरचं पाणी टाका, पुन्हा मिठाचं पाणी. असं तीनदा.

आता डिस्टिल्ड पाण्यानं धुणं. इथं नवशिके गडबडतात. पहिल्या दोन धुण्यांत माती शहाण्यासारखी तळाशी बसते, तिसऱ्या-चौथ्याला अचानक बसायचं नाव घेत नाही, सगळं पाणी दुधाळ राहतं. काही बिघडलेलं नाही. मीठ कमी झालं की सोडियमची पानं एकमेकांपासून सुटतात, म्हणजे काम झालंय. इथून पुढे सेंट्रिफ्यूज लागतो. वरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरं येणं थांबलं की धुणं पुरे. ६० ते ८० अंशांवर सुकवा, खलात कुटा, २०० मेशच्या चाळणीतून काढा. कुटताना तोंडाला चांगला मास्क हवा, या धुळीत क्वार्ट्‌झ असतो आणि तो फुप्फुसाला माफ करत नाही.

झालं की नाही हे बघायची सोपी परीक्षा आहे. १०० मिलीच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये पाणी भरून २ ग्रॅम माती चिमटी-चिमटीनं सोडा, दुसऱ्या दिवशी तळाच्या जेलीची उंची वाचा. कॅल्शियमवाली माती १० मिलीच्या आसपास घुटमळते, चांगली सोडियमवाली २० च्या पुढे जाते.

आम्लानं माती ‘सक्रिय’ करावी असं अनेक जण सुचवतात. तेल शुद्ध करायला ती पद्धत छान. धातूंसाठी मी करत नाही, कारण आम्ल पानांमधलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम विरघळवतं. पृष्ठभाग वाढतो, पण सीईसी घटते, आणि आपल्याला हवी ती सीईसीच.

क्रोमेटसाठी भार उलटवणं

यासाठी सीटीएबी हे लांब शेपटीचं डिटर्जंटसारखं रसायन वापरतात. सीईसीएवढं घातलं तर मातीचा भार शून्यावर येतो. त्याच्या दीडपट घातलं तर शेपट्या शेपट्यांना चिकटून दुसरा थर बसतो, धन डोकी बाहेर येतात, आणि तीच माती क्रोमेटला बोलावू लागते.

हिशोब करून घ्या. १० ग्रॅम माती, सीईसी ८०, म्हणजे ८ मिलिमोल. दीडपट म्हणजे १२. सीटीएबीचा रेणुभार ३६४.५, म्हणून ४.३७ ग्रॅम. २०० मिली कोमट पाण्यात विरघळवा. जानेवारीतल्या सकाळी आपल्याकडे हे द्रावण बाटलीतच सुयांसारखं गोठतं, तेव्हा पाणी कोमट हवंच. १० ग्रॅम सोडियम माती ५०० मिली पाण्यात ६० अंशांवर ढवळत ठेवून त्यात हे हळूहळू सोडा. मगाशी गाळायला त्रास देणारी माती आता फुटलेल्या दुधासारखी गोळा होते आणि झरझर गाळली जाते. चार तास ढवळून गाळा आणि धूत राहा, जोवर धुण्याचं पाणी बाटलीत हलवल्यावर फेस यायचा थांबत नाही. हे धुणं उरकायचं म्हणून उरकू नका. सैल सीटीएबी जलचरांना घातक आहे. क्रोमियम काढून नदीला सीटीएबी द्यायचं असेल तर मेहनत कशाला?

या मातीचं क्रोमियमचं छत ग्रॅमला साधारण २० मि.ग्रॅ., कारण जास्तीच्या अर्ध्या थरावरच जागा असते.

दुसरा रस्ता लोहाचा: मातीच्या चिखलात फेरिक क्लोराइड घालून कॉस्टिक सोड्यानं थेंबाथेंबानं पीएच सातपर्यंत आणायचा, तपकिरी थर बसतो. आर्सेनेटसाठी मला हाच आवडतो. गंधक असलेली सायलेन चढवलेली माती पारा, शिसं आणि कॅडमियमला निवडून धरते, पण त्याला टोल्यूइनमध्ये रिफ्लक्स (वाफ थंड करून परत भांड्यात सोडत उकळणं), चांगलं फ्यूम हूड आणि खर्च लागतो. नाकालाही त्रास. गरज असेल तरच.

बॅच टेस्ट, आणि माझी फजिती

साठ्याचं द्रावण लिटरमागे १००० मि.ग्रॅ. धातूचं करा: तांब्यासाठी मोरचूद ३.९३ ग्रॅम, शिशासाठी लेड नायट्रेट १.६० ग्रॅम, क्रोमियमसाठी पोटॅशियम डायक्रोमेट २.८३ ग्रॅम. त्यातून ५० मि.ग्रॅ.चं पाणी बनवा, प्लास्टिकच्या बाटल्यांत १००-१०० मिली घाला. एकात ०.१ ग्रॅम माती, एकात ०.२, एकात ०.५. आणि एक बाटली बिनमातीची. तीच तुमची साक्षीदार, तिच्यातही धातू कमी झाला तर बाटली नाहीतर गाळणी चोर आहे.

पीएच सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा लिहा. ३ च्या खाली हायड्रोजनच जागा अडवतो. शिसं-तांब्याला मी ५ ते ५.५ वर थांबते, कारण ६ च्या वर ते हायड्रॉक्साइड होऊन गाळ बनायला लागतात. निकल आणि कॅडमियमला ६ ते ७ पर्यंत जाता येतं. माती स्वतःच पीएच वाढवते, म्हणून शेवटचा आकडा महत्त्वाचा. बेंटोनाइटचं काम बहुधा तासाभरात आटोपतं, तरी ५, १५, ३०, ६०, १२० मिनिटांचे नमुने एकदा काढून खात्री करा.

हिशोब: सुरुवातीचे मि.ग्रॅ. वजा शेवटचे, गुणिले लिटर, भागिले मातीचे ग्रॅम. ५० चे ८ झाले, १०० मिली, ०.२ ग्रॅम माती: ४२ × ०.१ ÷ ०.२ = २१. छत २५, म्हणजे आकडा पटण्यासारखा.

आता फजिती. पहिल्या वर्षी मी निकलच्या पाण्याचे सहा नमुने एका बाहेरच्या लॅबला पाठवले. घाईत नीट गाळले नव्हते, किंचित गढूळ होते. रिपोर्टमध्ये माती कितीही घातलेली असो, निकल जवळपास सुरुवातीएवढाच! दोन दिवस मी लॅबला नावं ठेवली. मग उलगडलं. नमुना टिकावा म्हणून त्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली नेतात, लॅबनं नियमानं तेच केलं. माझ्या गढूळ पाण्यातल्या मातीनं धरलेला निकल त्या आम्लानं परत सोडला. तेव्हापासून आधी सेंट्रिफ्यूज, मग गाळणं, मगच आम्ल. फिल्टर पेपरही थोडं शिसं पितो, म्हणून पहिले १५ मिली गाळून फेकून द्यायचे.

सहा-संयुजी क्रोमियम मोजायला धातू मोजायचं महागडं ॲटॉमिक ॲब्झॉर्प्शन मशीन लागत नाही. डायफेनिल कार्बाझाइडनं आम्लात जांभळा रंग येतो, तो ५४० नॅनोमीटरवर वाचा.

डिस्टिल्ड पाण्यातले आकडे घेऊन लगेच खूश होऊ नका. आपल्या बोअरचं पाणी जड. समजा कडकपणा ४०० मि.ग्रॅ. आहे, तर लिटरमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम ८ मिलिइक्विव्हॅलंट. त्यात शिसं १ मि.ग्रॅ. असेल, तर ते ०.०१ सुद्धा नाही. आठशे जणांच्या रांगेत एक शिसं उभं आहे. मातीला शिसं जास्त आवडतं खरं, पण एवढ्या गर्दीत तिचाही हात आखडतो. म्हणून शेवटची बॅच नेहमी खऱ्या सांडपाण्यावर.

शेडमध्ये नेताना

प्लेटिंगवाल्यांना मी पहिल्यांदा सांगते: सगळं पाणी मातीनं साफ करायला जाऊ नका. रोज ५००० लिटर रिन्सचं, म्हणजे प्लेटिंगनंतर माल धुतलेलं पाणी, निकल लिटरमागे ८० मि.ग्रॅ. असं धरा. ते २ वर आणायचं म्हणजे दिवसाला ३९० ग्रॅम निकल. ग्रॅमला १५ मि.ग्रॅ.च्या हिशोबानं २६ किलो माती, रोज. तोच निकल कॉस्टिकनं पीएच ९.५-१० वर पाडला तर सुका हायड्रॉक्साइड सहाशे-साडेसहाशे ग्रॅम. कुठला स्लज, म्हणजे उरलेला गाळ, उचलायला परवडेल ते मालकाला लगेच कळतं.

मातीची जागा त्यानंतर. गाळ पाडूनही मर्यादेच्या जरा वर राहिलेलं पाणी तिच्याकडे द्यायचं. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात निकल ३, तांबं ३, जस्त ५, शिसं ०.१ आणि सहा-संयुजी क्रोमियम ०.१ मि.ग्रॅ. लिटरमागे. शिशाचं आणि क्रोमचं ते शेवटचं टोक चुन्यानं गाठणं अवघड जातं, तिथं माती कामी येते. क्रोमच्या टाकीलाही आधी पीएच २ ते ३ वर मेटाबायसल्फाइट घालून सहा-संयुजी क्रोमियमचं तीन-संयुजी करायचं, मग ८-९ वर पाडायचं, हाच धोपटमार्ग. आणि सायनाइड बाथचं पाणी या आम्लाच्या टाकीत चुकूनही येता कामा नये. हायड्रोजन सायनाइड वायू निघतो, माणूस उभ्या उभ्या जातो. पाइपांना दोन वेगळे रंग द्या.

पावडर शेडमध्ये नकोशी होते, बसत नाही, पंपात जाते. मी गोळ्या करते. २ टक्के सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात २ टक्के माती एकजीव करून ते सिरिंजनं २ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंबथेंब पाडायचं. बुंदी पाडतो तसंच, फक्त गार. साबुदाण्याएवढे पांढुरके मणी तळाशी जमतात. रात्रभर तिथंच राहू द्या, धुवा, नळीत भरा, पाणी सावकाश सोडा. अल्जिनेट स्वतःही धातू धरतं, म्हणून बिनमातीच्या मण्यांची एक तुलना हवी, नाहीतर श्रेय चुकीच्या माणसाला जातं.

धातू भरलेल्या मातीचं काय

धातू कुठं नाहीसा झालेला नाही, पाण्यातून मातीत आलाय. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लानं धुतलं तर बराचसा सुटतो आणि साधी सोडियम माती दोन-तीनदा पुन्हा वापरता येते, दर वेळी थोडी मंदावते. पण ते धुण्याचं पाणी आता दाट धातूचं, ते परत गाळ पाडायच्या टाकीत.

उरलेली माती सुकवून पातळ ॲसेटिक आम्लात, एकास वीस, १८ तास फिरवा आणि त्या पाण्यातलं शिसं मोजा. लिटरमागे ५ मि.ग्रॅ.च्या वर गेलं तर २०१६ च्या घातक कचरा नियमांत ती बसतेच. प्लेटिंगच्या ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, स्लज मात्र त्या नियमांत प्रक्रियेनुसारच घातक धरलेला आहे, तिथं मातीची चाचणी चांगली आली म्हणून सुटका नाही. बंद ड्रम, लेबल, तारीख, आणि अधिकृत सुविधेकडे पाठवल्याची मॅनिफेस्टची (कचरा वाहतुकीच्या नोंदीची) प्रत फाइलला.

‘विटांत घालून टाकू’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर तयार असतं: भाजलेली वीट फोडून तिच्यावर हीच १८ तासांची चाचणी करून आण. आजवर कुणी आणलेली नाही.